माजी राष्ट्रप्रमुखांमुळे जगाचे आरोग्यधोरण खरोखर बदलते का?

प्रतापनगरचा मास्तर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या प्रतापनगरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याला एका विषयावर चर्चा होते आणि पुढच्या बैठकीत विषय मांडण्याची पाळी माझी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शंभरी ओलांडून गेले, तेव्हा मी मंडळात त्यांच्या नारू निर्मूलनाच्या कामाविषयी दहा मिनिटे बोललो होतो. बोलणे संपल्यावर बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक सदस्य, जे एरवी बैठकीत सहसा तोंड उघडत नाहीत, एवढेच म्हणाले, "मास्तर, चार वर्षे एवढी मोठी सत्ता हातात होती तेव्हा ज्याला नारू दिसला नाही, त्याला तो घरी बसल्यावर दिसला, मग सत्ता असते तरी कशासाठी?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

नारू म्हणजे काय, हे इथल्या तरुण वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. माझ्या आजोळी पायऱ्यांची विहीर होती आणि उन्हाळ्यात माणसे गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरत. आजीच्या घोट्यावर एक पांढुरका वण होता. तिथून हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळत गुंडाळत कित्येक दिवस कसा बाहेर काढला, आणि मधेच तो तुटला तेव्हा पाय कसा सुजून भोपळा झाला, हे ती आम्हा मुलांना सांगत असे आणि आम्ही त्या रात्री पाणी प्यायला घाबरत असू.

आता मुद्द्यावर येतो. पद गेल्यावर या मंडळींच्या हाती नेमके काय उरते? ज्या कामाला त्यांचे नाव लागते ते काम प्रत्यक्षात त्यांनीच केलेले असते का, की दुसऱ्यांनी खणलेल्या विहिरीवर ते केवळ आपल्या नावाची पाटी लावतात? आणि या सगळ्याचा आपल्याकडच्या माणसाशी काही संबंध पोहोचतो का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त हिवताप अधिकारी यांचे उत्तर

मास्तर, आपल्या आजींच्या वणाचे वर्णन तंतोतंत आहे. मी १९८५ च्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो आणि पुढे जिल्हा हिवताप अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नारूचे शेवटशेवटचे रुग्ण पाहिलेल्या पिढीतला मी आहे, त्यामुळे आपल्या पाटीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. भारतातला नारू कार्टर यांनी घालवलेला नाही. आपला राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, म्हणजे कार्टर या कामात उतरण्याच्या दोन-तीन वर्षे आधी. १९८४ मध्ये सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण नोंदवले गेले होते आणि त्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त घोषित केले. हे काम गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेवकांनी आणि पाणीपुरवठा खात्याने केले. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांवर कठडा आणि रहाट बसवायचा, हातपंप खोदायचे, नारूची पिल्ले पोटात बाळगणाऱ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीक किड्यांवर टेमेफॉस हे कीटकनाशक टाकायचे, पाणी कापडातून गाळून घ्यायला बायाबापड्यांना शिकवायचे, आणि ज्याच्या पायाला फोड आला आहे त्याला काहीही करून विहिरीत उतरू द्यायचे नाही, असे ते काम होते.

या रोगाची एक खोड समजून घेतली, तर कार्टर यांची गरज कुठे पडली ते कळते. नारूवर लस नाही आणि जंत मारणारे औषधही नाही. शिवाय दूषित पाणी प्यायल्यापासून जंत बाहेर पडेपर्यंत सुमारे एक वर्ष जाते, म्हणजे यंदा केलेल्या कामाचे फळ पुढच्या वर्षी दिसणार, आणि तोवर मंत्री बदललेला असण्याची शक्यता दाट. रोग होतो तो रस्त्याच्या टोकाला असलेल्या गावात, ज्याला बाजारातही वजन नाही आणि राजधानीतही नाही. अशा रोगाची फाइल आरोग्यमंत्र्याच्या टेबलावर ढिगाऱ्याच्या वर आणून ठेवणे हे डॉक्टरच्या आवाक्यातले काम नव्हे. नारू जगातून घालवता येईल ही कल्पनाही कार्टर यांची नव्हती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे सहकारी १९८० पासून ती मांडत होते. सर्वांना शुद्ध पाणी मिळावे म्हणून संयुक्त राष्ट्रांनी पाळलेल्या आंतरराष्ट्रीय दशकाच्या कामात असलेले पीटर बोर्न, जे पूर्वी कार्टर यांचे आरोग्य सल्लागार होते, त्यांनी ती माजी साहेबांच्या कानावर घातली. १९८६ मध्ये कार्टर यांच्या संस्थेने काम हाती घेतले, तेव्हा आफ्रिका आणि आशियातील २१ देशांत मिळून वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता.

त्याच वर्षी त्यांनी पाकिस्तानच्या जनरल झिया यांच्यापाशी विषय काढला आणि तिथे कार्यक्रम उभा राहिला; पाकिस्तानातील शेवटचा रुग्ण १९९३ मधला आहे. १९९५ मध्ये सुदानमध्ये यादवी चालू असताना त्यांनी दोन्ही बाजूंना लढाई थांबवायला राजी केले आणि जवळजवळ सहा महिने टिकलेल्या त्या युद्धविरामात आरोग्य कर्मचारी पूर्वी पाऊल ठेवता न येणाऱ्या गावांत गाळणी घेऊन पोहोचले. हे काम पदावरच्या राष्ट्राध्यक्षाला साधले नसते असे माझे मत आहे, कारण पदावरचा माणूस बोलू लागला की समोरचा आधी त्याच्या मागचे सैन्य पाहतो. पदावरून उतरलेल्या माणसाकडे लोक संशयाने कमी पाहतात, पण त्याचा फोन मात्र घेतात.

आणि हे केवळ गोऱ्या माजी अध्यक्षांपुरते नाही. नायजेरियाचे याकुबू गोवोन १९७५ मध्ये सत्तेवरून घालवले गेले होते. पुढे त्यांनी स्वतःच्या देशात नारूसाठी गावोगाव फिरून राज्यपालांना आणि गावप्रमुखांना कामाला लावले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका वर्षात साडेसहा लाखांहून अधिक रुग्ण मोजलेला तो देश २०१३ मध्ये नारूमुक्त ठरला. मालीचे अमादू तुमानी तुरे यांनी १९९२ मध्ये सत्ता सोडल्यावर फ्रेंच भाषिक आफ्रिकी देशांत हेच केले आणि २००२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. बँकेतल्या आपल्या मित्रांना सांगा की, घरी बसलेला माणूस पुन्हा कचेरीतही जाऊ शकतो.

२०२४ मध्ये जगभरात नारूचे फक्त १५ रुग्ण होते. काम मात्र संपलेले नाही. चाड देशात जंत कुत्र्यांमध्ये शिरला आहे आणि दरवर्षी शेकडो जनावरे बाधित आढळतात. आधी १९९५ हे वर्ष ठरले होते, मग एकामागून एक तारखा हुकल्या, आता २०३० धरले आहे. जंताला माजी राष्ट्राध्यक्षांची ओळख नसते.

गोळ्यांचा हिशेब यांचे उत्तर

डॉक्टरसाहेबांनी नारूचे सांगितले, मी एचआयव्हीचे सांगते. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते आणि औषधाची किंमत कशी ठरते हा माझा विषय आहे. बिल क्लिंटन यांचे उदाहरण मास्तरांच्या मित्रांच्या प्रश्नाला थेट भिडते, कारण इथे सत्तेत असताना काही सुचले नाही एवढेच नव्हते, तर उलट सुचले होते. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये स्वस्त औषधे मिळवण्यासाठी कायदा केला तेव्हा क्लिंटन यांच्याच प्रशासनाने पेटंटधारक कंपन्यांच्या बाजूने त्या देशावर व्यापारी दबाव आणला होता. एड्सग्रस्तांच्या संघटनांनी अमेरिकेतच रान उठवल्यावर मे २००० मध्ये, कारकीर्द संपत आली असताना, त्यांनी तो दबाव मागे घेणारा आदेश काढला.

त्यानंतरची पहिली मोठी उडी क्लिंटन यांची नव्हती, मुंबईची होती. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचे वर्षभराचे उपचार एका सेवाभावी वैद्यकीय संस्थेला माणशी ३५० डॉलरमध्ये देऊ केले, जेव्हा श्रीमंत देशांत त्यालाच दहा हजार डॉलरहून अधिक पडत होते. हे शक्य झाले ते आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे, ज्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, तर केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत असे. क्लिंटन यांच्या प्रतिष्ठानाने २००२ मध्ये या क्षेत्रात प्रवेश केला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये सिप्ला, रॅनबॅक्सी, हैदराबादची मॅट्रिक्स आणि दक्षिण आफ्रिकेची ॲस्पेन यांच्याशी करार होऊन तोच उपचार वर्षाला सुमारे १४० डॉलरवर आला.

३५० वरून १४० कसे झाले, हा भाग मला सर्वांत रोचक वाटतो आणि वर्तमानपत्रांत तो कधी नीट येत नाही. कंपन्यांनी काही दानधर्म केला नव्हता. औषधाच्या किमतीचा मोठा हिस्सा कच्च्या रसायनाचा असतो आणि ते रसायन स्वस्त मिळते ते मोठ्या, खात्रीच्या मागणीवर. एकेकटा गरीब देश थोड्या थोड्या गोळ्या मागवतो, पैसे उशिरा देतो, पुढच्या वर्षी मागवेल की नाही याचा भरवसा नसतो, आणि कारखानदार हा सगळा धोका किमतीत धरतो. क्लिंटन यांच्या लोकांनी अनेक देशांची मागणी एकत्र बांधली, कारखान्यात बसून उत्पादनखर्चाचा एकेक टप्पा तपासला आणि "एवढा खप नक्की होईल, भाव उतरवा" असा व्यवहार केला. आपल्याकडे संत्र्याचा बाग घेणारा व्यापारी झाडावरचा अख्खा बहार आधीच ठरवून घेतो, तसाच हा प्रकार आहे. यात माजी राष्ट्राध्यक्षाचे नाव कशाला लागले? तर देणगीदार सरकारे पैसे देतील आणि खरेदीदार सरकारे शब्द पाळतील, ही हमी कोणीतरी घ्यायची होती, आणि तिच्यासाठी पत लागते.

आपल्याकडच्या माणसाचे विचाराल, तर १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एचआयव्हीवरील मोफत उपचार सुरू केले आणि पहिल्या टप्प्यातील जास्त प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ते श्रेय आपल्या सरकारचे आहे, परंतु गोळी स्वस्त झालेली नसती तर अर्थखात्याने होकार दिला असता का, याची मला शंका आहे. जाता जाता एक काळी बाजूही सांगते. त्या करारातील रॅनबॅक्सीने २०१३ मध्ये अमेरिकेत औषधांच्या दर्जाबाबतचे गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. मोठ्या माणसाची पत भाव उतरवू शकते, गोळीच्या आत काय आहे ते तपासायला मात्र निरीक्षकच लागतो.

संशयी वाचक यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे आवडली, तरी मला एक खडा टाकायचा आहे. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि आम्हाला पहिला प्रश्न शिकवतात तो हा की, यांना कोणी निवडले? कार्टर यांच्या सुरुवातीच्या आरोग्य-प्रकल्पांना पैसा देणाऱ्यांत बीसीसीआयचे संस्थापक आगा हसन अबेदी होते. (कृपया क्रिकेट मंडळाशी गल्लत करू नये; ही बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल, जी जुलै १९९१ मध्ये प्रचंड घोटाळ्यामुळे अनेक देशांनी एकाच वेळी बंद केली.) कार्टर यांनी त्या पैशातून वाईट काही केले असे मी म्हणत नाही. परंतु पदावरच्या अध्यक्षाने अशी देणगी घेतली असती, तर संसदेने जाब विचारला असता. माजी अध्यक्षाला जाब विचारणारे सभागृहच नसते.

दुसरे असे की, माजी लोक जे बोलतात ते ऐकले जाते, मानले जातेच असे नाही. कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत कोविडच्या लसी, औषधे आणि चाचण्यांवरील बौद्धिक संपदेचे हक्क तात्पुरते बाजूला ठेवण्याची मागणी केली. एप्रिल २०२१ मध्ये गॉर्डन ब्राऊन, हेलन क्लार्क, फ्रान्स्वा ओलांद यांच्यासह १७० हून अधिक माजी राष्ट्रप्रमुखांनी व नोबेल विजेत्यांनी बायडन यांना तसे उघड पत्र लिहिले आणि मे महिन्यात अमेरिकेने लसींपुरता पाठिंबा जाहीरही केला. पण जून २०२२ मध्ये जो निर्णय हाती आला तो मूळ मागणीच्या मानाने फारच पातळ होता आणि तोवर लसींचा तुटवडाच सरला होता. त्याच २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या हेलन क्लार्क आणि इबोलाची साथ राष्ट्राध्यक्ष म्हणून अंगावर झेललेल्या लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या स्वतंत्र समितीने महासाथींसाठी नवा आंतरराष्ट्रीय करार सुचवला. करार मे २०२५ मध्ये संमत झाला खरा, परंतु रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशाला लसीतला वाटा कसा मिळणार, हे सर्वांत नाजूक कलम तेव्हा पुढच्या वाटाघाटींवर ढकलले गेले.

मास्तरांच्या मित्रांना मी उलटे उदाहरण देईन. धाकट्या बुश यांनी एड्ससाठीचा पेपफार हा कार्यक्रम २००३ मध्ये पदावर असतानाच सुरू केला, पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरचा. एवढा पैसा कुठल्याही माजी अध्यक्षाच्या प्रतिष्ठानाकडे येत नाही. आणि २०२५ मध्ये अमेरिकेची परदेशी मदत कापली गेली तेव्हा तेच बुश माजी अध्यक्ष म्हणून काय करू शकले? नोकरी गमावलेल्या कर्मचाऱ्यांच्या निरोपासाठी ध्वनिचित्रफितीतून त्यांच्या कामाची वाखाणणी करू शकले.

मंडेला यांचेही तसेच. १९९४ ते १९९९ या त्यांच्या कारकीर्दीत एड्स देशभर पसरत होता आणि ते त्यावर फारसे बोलले नाहीत; हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले. जानेवारी २००५ मध्ये आपला मुलगा एड्सने गेला हे त्यांनी जाहीरपणे सांगितले, त्यासाठी लागणारे धैर्य मी कमी लेखत नाही. परंतु तेव्हा सरकार दुसऱ्याच्या हाती होते.

महालातला दंतवैद्य यांचे उत्तर

चर्चेत ग्रो हार्लेम ब्रुंटलँड राहून गेल्या, म्हणून लिहितो. त्या नॉर्वेच्या तीन वेळा पंतप्रधान, स्वतः डॉक्टर, आणि १९९८ ते २००३ जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक. संशयी वाचकांचा "यांना कोणी निवडले" हा प्रश्न त्यांना लागू होत नाही, कारण सदस्य देशांनी त्यांना रीतसर नेमले होते. माझ्या मते म्हणूनच त्यांचे काम कागदावर टिकले. मे २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा आराखडा करार संमत झाला. आरोग्य संघटनेच्या घटनेने दिलेला करार करण्याचा अधिकार तोवर कोणी वापरलाच नव्हता. पंतप्रधानपद भूषवलेल्या बाईंना अर्थमंत्री आणि व्यापारमंत्री यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलता येत होते. तंबाखूची लढाई आरोग्यमंत्र्याशी नसतेच, ती महसुलाशी असते.

उरुग्वेचे ताबारे वास्केस हे कर्करोगतज्ज्ञ राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या सरकारने पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्यांनी व्यापला, तेव्हा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने लवादात दावा लावला. २०१६ मध्ये उरुग्वे जिंकले आणि त्या निकालात या कराराचा आधार होता. भारताने २००४ मध्ये करार मंजूर केला आणि २०१६ पासून आपल्याकडे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा आहे.

आता नागपूरचे, माझा दवाखाना आहे त्या महाल भागातले सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्या तरुणांचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, त्यांतले बहुतेक सिगारेट ओढत नाहीत, ते खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना ठेल्यावरच पन्नीत घालून, घोटून दिला जातो. त्या पन्नीवर ना चित्र, ना इशारा, ना कारखान्याचे नाव. जिनिव्हात पाकिटाच्या मापाचा कायदा झाला, आणि आमच्या गिऱ्हाइकाकडे पाकीटच नाही. सुगंधित तंबाखू आणि सुपारीवर राज्यात बंदी आहे, तरी ठेला शाळेपासून किती अंतरावर आहे ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे. ब्रुंटलँडबाईंचा यात दोष नाही. पण मास्तरांनी विचारले आहे की संबंध पोहोचतो का, तर माझे उत्तर असे की महालापर्यंत पोहोचतो, ठेल्यापर्यंत नाही.

प्रतापनगरचा मास्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. डॉक्टरसाहेब, एक शंका उरली आहे. गोवोन आणि तुरे यांच्यासारखे काम आपल्याकडच्या एखाद्या माजी पंतप्रधानांनी किंवा राष्ट्रपतींनी अंगावर घेतले असते, तर क्षयरोगाच्या बाबतीत उपयोग झाला असता, असे आपल्याला वाटते का?

निवृत्त हिवताप अधिकारी

क्षयाच्या बाबतीत थोडाफार, मास्तर. क्षयावर औषध आहे, त्यामुळे अडचण वेगळी आहे. तिथे सहा महिने रोजची गोळी, पोटभर अन्न आणि हवेशीर खोली लागते. माणूस मोठा असला तरी एका भाषणाने सहा महिने गोळी गिळवता येत नाही. मात्र सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी मला असा कोणीतरी हवा होता. विदर्भात आणि छत्तीसगडात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये आली. तोवर आम्ही वर पाठवलेली कागदपत्रे कोणी मोठ्या आवाजाच्या माणसाने दिल्लीत वाचून दाखवली असती, तर ती मोहीम निदान माझ्या नोकरीच्या काळात आली असती.

प्रतापनगरचा मास्तर

हे वाक्य मी बैठकीत आपल्या परवानगीने वाचून दाखवीन. दरम्यान, ही सगळी चर्चा छापून मी काल त्या बँकवाल्या सदस्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी शांतपणे संपूर्ण वाचली आणि फक्त एका ठिकाणी पेन्सिलने खूण केली, बीसीसीआयच्या. त्या बँकेची मुंबईला एक शाखा होती, ती बंद झाल्यावर पुढे स्टेट बँकेच्या पंखाखाली गेली, आणि त्या दिवसांत ठेवीदार कसे हवालदिल झाले होते ते आपण जवळून पाहिले आहे, असे ते म्हणाले. पुढच्या बैठकीत माझ्यानंतर दहा मिनिटे ते बोलणार आहेत.